एका ताटाचा इतिहास

चंद्रपुरातल्या एखाद्या स्वस्त शाकाहारी भोजनालयात दुपारी बसले की समोर येणारे ताट ठरलेले असते : पोळ्या, वरण, भात, एक भाजी, कांद्याची फोड. गडचिरोलीहून कचेरीच्या कामासाठी आलेला माणूस, खोली घेऊन राहणारा विद्यार्थी आणि आम्ही अध्यापक एकाच बाकावर जेवतो. कोण कुठला, हे कोणी विचारत नाही. वर्गात पंक्तिभेदावर तासन् तास बोलणारे आम्ही या न विचारण्याचा इतिहास मात्र क्वचितच सांगतो.

तो इतिहास फार जुना नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५ ने सार्वजनिक उपाहारगृहांत जातीवरून मज्जाव करण्यास मनाई केली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने तिथली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. ताट-वाटीचा उल्लेख कायद्यात करावा लागला, यातच आधीच्या काळाची साक्ष आहे. पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हाच्या चांद्यात धम्मदीक्षा दिली. बाकावरची जागा अशी मिळालेली आहे. ती कुणा मालकाची मेहेरबानी नव्हे.

आता ताटातल्या भाताकडे पाहू. पूर्व विदर्भात बारीक तांदळाचे नाव काढले की ‘एचएमटी’ आठवतो. हे वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडीतून सिद्ध केले. शाळा अर्धवट सुटलेला हा दलित शेतकरी. १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या जपून, वर्षानुवर्षे पेरून त्यांनी वाण पक्के केले. नाव मिळाले ते तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचे. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तेही हलाखीत. वाण देशभर पसरले. त्याचे मोल त्यांच्या घरी पोहोचले नाही.

२६ जानेवारी २०२० रोजी राज्यात दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण आणि दीडशे ग्रॅम भात. शासनाने भाताचे वजन ठरवले. भात पिकवणाऱ्याचे मोल ठरवणे मात्र कुठल्याच थाळीला जमलेले नाही.

ज्यांच्या आजोबांना हॉटेलात कप वेगळा मिळे, त्यांच्यापैकीच एकाने शोधलेल्या वाणाचा भात आज सारे शेजारी बसून खातात. पंगत एक झाली, हे खरे आणि थोर आहे. पण ताट आपल्यापर्यंत आणणाऱ्याचे नाव ठाऊक नसेल, तर पंक्तिभेद पुरता गेला असे आम्ही म्हणणार नाही. पुढच्या वेळी पंक्तिभेद शिकवताना आम्ही या ताटापासून सुरुवात करू.