बुडालेल्या पाणबुडीतील माणसे

ताम्हिणीचा घाट उतरला की कोकण लागते आणि कोकण ओलांडले की समुद्र. तरीही मुळशीच्या माणसाला समुद्र दूरचाच वाटतो. आपले पाणी म्हणजे धरणाचे, ओढ्याचे आणि विहिरीचे. पण जून २०२३ मध्ये ‘टायटन’ नावाची छोटी पाणबुडी अटलांटिक महासागरात नाहीशी झाली, तेव्हा आपल्याकडे पारावरसुद्धा एकच प्रश्न निघत होता : आतली पाच माणसे जिवंत असतील काय? त्यांच्यापाशी ९६ तासांची हवा आहे, असे बातम्यांत सांगत होते, आणि जो तो तास मोजीत होता.

असे प्रसंग गेल्या शंभर वर्षांत पुष्कळदा आले. काहींत माणसे वाचली, काहींत वाचली नाहीत. मग हा सारा दैवाचा खेळ म्हणायचा काय? इतिहास तसे सांगत नाही. तो काय सांगतो, ते आज पाहू.

प्रथम, अशा बंद जागेत माणूस कशाने दगावतो ते समजून घेऊ. आपण म्हणतो, ‘हवा संपली’. पण प्राणवायू संपण्याच्या आधी बहुधा दुसरेच संकट येते. आपण उच्छ्वासावाटे जो कार्बन डायऑक्साइड वायू सोडतो, तो साचत जातो. शिक्षक मंडळी वर्गात चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारून दाखवतात आणि निवळी दुधाळ होते, तोच हा वायू. मोकळ्या हवेत तो शेकडा अर्धा भागसुद्धा नसतो. बंद जागेत तो शेकडा तीन-चारवर गेला की धाप लागते, डोके ठणकते. शेकडा दहाच्या आसपास गेला की शुद्ध हरपते. म्हणून पाणबुडीत हा वायू शोषून घेणारी रसायने ठेवावी लागतात. आपल्या जुन्या जाणत्या माणसांना हे वेगळ्या रीतीने ठाऊक होते. पडीक विहिरीत किंवा धान्याच्या पेवात उतरण्याआधी ते पेटता कंदील दोरीने खाली सोडीत. कंदील विझला की कोणी उतरत नसे.

दुसरा शत्रू थंडी. खोल समुद्राचे पाणी बर्फाहून थोडेच उबदार असते. आणि तिसरा शत्रू पाण्याचा दाब. दर १० मीटरला, म्हणजे साधारण सहा परस खोलीला, वातावरणाच्या दाबाइतका दाब वाढतो. टायटॅनिक जहाजाचे अवशेष सुमारे ३,८०० मीटर खोलीवर आहेत. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. दोन कळसूबाई एकावर एक रचल्या तरी त्या तिथे पाण्यात बुडून जातील. त्या तळाशी बोटाच्या नखाएवढ्या जागेवर जवळजवळ चार क्विंटलचा भार पडतो.

आता इतिहासाकडे वळू. डिसेंबर १९२७ मध्ये अमेरिकेची ‘एस-४’ ही पाणबुडी दुसऱ्या जहाजाची धडक बसून बुडाली. पाणी फार खोल नव्हते, शंभर फुटांच्या आसपास. सहा माणसे पुढच्या कप्प्यात जिवंत होती. पाणबुडे खाली जात आणि बाहेरून ठोके देत. आतली माणसे ठोक्यांनीच उत्तर देत. त्यांनी विचारले, काही आशा आहे काय? वर वादळ होते. त्यांना वर आणील असे साधनही नव्हते. काही दिवसांनी ठोके थांबले. एकंदर ४० माणसे गेली.

हे ठोके मॉमसेन नावाच्या नौदल अधिकाऱ्याच्या मनातून गेले नाहीत. पुढच्या काही वर्षांत त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुटकेची साधने तयार केली. त्यांत घंटेच्या आकाराची एक लोखंडी कोठी होती. ती पाणबुडीच्या झाकणावर नेऊन घट्ट बसवायची आणि माणसे आत घेऊन वर आणायची, अशी ती युक्ती. २३ मे १९३९ रोजी ‘स्क्वालस’ नावाची पाणबुडी २४० फूट खोल तळाशी गेली. मागच्या भागातले २६ जण तत्काळ बुडाले, पण पुढच्या भागात ३३ जण जिवंत होते. त्यांनी टेलिफोन जोडलेला बोया वर सोडला. जागा सापडली, कोठी चार वेळा खाली गेली आणि दीड दिवसाच्या सुमारास सर्व ३३ माणसे वर आली.

यानंतर नऊच दिवसांनी, १ जून १९३९ रोजी, इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळच्या समुद्रात ‘थेटिस’ ही पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली. हिची शेपटी दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या वर दिसत होती, बरं का! पण चाचणीसाठी कारागीर आणि पाहुणे घेतल्यामुळे आत १०३ माणसे होती, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. तितक्याच वेगाने आतली हवा बिघडली. मदत उशिरा पोचली. चार जण बाहेर पडू शकले, ९९ दगावले. खोली कमी, किनारा जवळ, तरीही हे झाले. म्हणजे नुसत्या खोलीवर सारे ठरत नाही.

याच्या उलट उदाहरण १९७३ सालचे. आयर्लंडपलीकडे समुद्रतळावर टेलिफोनची तार पुरणारी ‘पायसिस-३’ ही छोटी पाणबुडी २९ ऑगस्टला सुमारे ४८० मीटर खोल तळाशी पडली. आत दोघे जण, सहा फुटांच्या गोळ्यात. हवा ७२ तासांची. पण वरच्या जहाजाशी त्यांचे बोलणे चालू होते. दोघे निपचित पडून राहिले, कमी बोलले, कमी हलले, म्हणजे श्वास कमी लागेल. १ सप्टेंबरला त्यांना वर काढले, तेव्हा तळाशी ७६ तास झाले होते आणि प्राणवायू थोड्याच मिनिटांचा उरला होता.

रशियाच्या ‘कुर्स्क’ची कथा ऑगस्ट २००० मधली. स्फोट झाल्यावर ११८ पैकी २३ जण मागच्या कप्प्यात जिवंत राहिले. त्यांच्यातल्या एका अधिकाऱ्याने अंधारात चाचपडत चिठ्ठी लिहिली. रशियाने परक्या देशांची मदत चौथ्या दिवशी स्वीकारली. नॉर्वेच्या पाणबुड्यांनी झाकण उघडले तो नववा दिवस होता. ते २३ जण बहुधा पहिल्या काही तासांतच गेले होते. पुढे २००५ मध्ये रशियाची एक लहान पाणबुडी कामचाटकाजवळ जाळ्यांत अडकली, तेव्हा त्यांनी लगेच हाक दिली. ब्रिटिश यंत्राने दोर कापले आणि सातही माणसे तीन दिवसांनी सुखरूप वर आली.

आणि टायटन? तिची कहाणी निराळी. तिचा सांगाडा दाब सहन करू शकला नाही, आणि ती क्षणार्धात चिरडली गेली. २२ जूनला अवशेष सापडले. ज्या ९६ तासांचा हिशेब जग करीत होते, तो सुरू होण्याआधीच संपला होता. तिथे सुटकेचा प्रश्न उरलाच नाही. जे काही वाचवायचे, ते बांधणी तपासतानाच वाचवायचे होते.

हे सारे परदेशचे झाले. पण आपल्या मुंबईतही ही वेळ आली. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर नौदलाच्या गोदीत ‘सिंधुरक्षक’ या पाणबुडीत स्फोट झाले आणि ती धक्क्यालगतच बुडाली. आत १८ जण होते. किनारा हाताच्या अंतरावर, पाणबुडे तयार. पण आत गढूळ पाणी, काळोख आणि उष्णतेने वाकलेली दारे. एकही जण वाचला नाही. पुढच्याच फेब्रुवारीत मुंबईजवळच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’ पाणबुडीत धूर झाला. ती बुडाली नाही, पण दोन अधिकारी गेले आणि सात जणांना हेलिकॉप्टरने इस्पितळात न्यावे लागले. बंद जागेतील हवा हाच पहिला शत्रू, हे इथे पुन्हा दिसले.

भारताकडे त्या वेळी खोल पाण्यातून माणसे काढणारे स्वतःचे वाहन नव्हते. ते डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत नौदलात दाखल झाले. सुमारे ६५० मीटर खोलीपर्यंत ते जाते आणि एका खेपेला १४ माणसे आणू शकते. दुसरे विशाखापट्टणमला आहे. एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची ‘नांगाला’ पाणबुडी हरवली, तेव्हा आपण विशाखापट्टणमहून मदत धाडली होती. पण ती पाणबुडी ८०० मीटरहून खोल जाऊन फुटली होती. ५३ जण गेले.

तेव्हा श्रोतेहो, वाचण्याची शक्यता चार गोष्टींवर ठरते : सांगाडा शाबूत आहे काय, माणसे कुठे आहेत हे वर कळले काय, हवा किती काळ पुरेल, आणि साधन किती लांब आहे. चारही गोष्टी अपघाताच्या आधी ठरलेल्या असतात. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही, असे आपले वाडवडील म्हणत, ते इथे अक्षरशः खरे आहे. ‘स्क्वालस’च्या ३३ माणसांचा जीव १९३९ मध्ये वाचला खरा, पण त्याची तयारी ‘एस-४’मधील ठोके ऐकून वर्षानुवर्षे चालली होती.

शेवटी एक घरची गोष्ट सांगतो. पडीक विहिरीत किंवा टाकीत एक जण बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि एका घरातली दोन-तीन माणसे जातात. अशा बातम्या आपण अजून वाचतो. शिक्षकांनी चुन्याच्या निवळीचा प्रयोग दाखवताना मुलांना ही गोष्टही जरूर सांगावी. अशा वेळी आत उडी टाकू नये. ज्यांच्याकडे श्वासाचे साधन आहे त्या अग्निशमनवाल्यांना बोलवावे आणि वरून जेवढी ताजी हवा सोडता येईल तेवढी सोडावी. गावात असे काम कोणी करणार असेल, तर दोर आणि वर थांबणारी माणसे तो उतरण्याच्या आधीच तयार असावीत.