आजार मोजायचा की त्याची खूण? दिव्यांग दाखल्याचा आपल्याकडचा इतिहास

"हात-पाय तर धड हायेत, मग कसला दाखला?" संधिवात, किडनीचा विकार किंवा सिकलसेल असलेल्या माणसाला नांदेड-लातूरकडे हा प्रश्न घरातही ऐकावा लागतो आणि कचेरीतही. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. अपंगत्वाचं एक चित्र त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, एवढंच. हे चित्र आलं कुठून, ते आज बघू या. कारण ते नुसतं लोकांच्या डोक्यात नाही, शंभरेक वर्षं सरकारी कागदांतही आहे. आणि आज त्यावरून महिन्याला हजार रुपयांचा फरक पडतो.

शिरगणतीतले चार रकाने

आपला भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. (लातूर तर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुकाच.) १८८१ पासून निजामाच्या राज्यातही ब्रिटिश हिंदुस्थानच्या बरोबरीने जनगणना होऊ लागली. १९३१ पर्यंतच्या जनगणनांमध्ये शारीरिक-मानसिक व्यंगाची वेगळी नोंद असे. त्यात चारच गोष्टी होत्या: वेड, मूकबधिरता, अंधत्व आणि कुष्ठरोग.

प्रगणकांना दिलेल्या सूचना वाचल्या की बरंच काही कळतं. दोन्ही डोळे गेले असतील तरच आंधळा लिहायचं, एक डोळा गेलेला लिहायचा नाही. मूकबधिर जन्मापासूनच असला पाहिजे. अंगावरचे पांढरे डाग म्हणजे कुष्ठरोग धरायचा नाही. अर्धवट, नंतर आलेलं, कमीजास्त होणारं असं काही नोंदायचंच नाही. दमा नाही, क्षय नाही. इतकंच काय, लंगडा माणूसही नाही. प्रगणक काही डॉक्टर नव्हता. दारात उभं राहून जे झटकन आणि नक्की सांगता येईल, तेच कागदावर आलं.

तेव्हा या नोंदीवर कुणाला पैसे मिळत नव्हते, म्हणून भांडणही नव्हतं. पण सवय पडली ती पडलीच: पूर्ण, कायमचं आणि दिसणारं असेल तरच खरं.

निराधारचा पगार

मराठवाडा १९४८ ला निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, १९५६ ला मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्रात. गरीब आजारी माणसाच्या दृष्टीने पुढचं मोठं वर्ष १९८०. त्या वर्षी संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. गावात तिला आजही "निराधारचा पगार" म्हणतात.

ही योजना तहसीलची, दवाखान्याची नाही. निकषांत विधवा, परित्यक्ता, अनाथ आणि अपंग आहेतच, शिवाय क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग "यासारख्या" दुर्धर आजारामुळे पोट भरू न शकणारे लोकही आहेत. (एड्सचं नाव अर्थातच नंतर आलं.) यातले दोन शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. "यासारख्या" म्हणजे यादी उघडी आहे. आणि "पोट भरू न शकणारे" म्हणजे प्रश्न शरीराच्या टक्क्याचा नसून कमाईचा आहे. आजारी माणसाची अडचण नेमकी हीच असते.

चाळीस टक्के आले कुठून?

शरीराला टक्के लावायची कल्पना कामगार कायद्यात आधीपासून होती. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट आहे. कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्क्यांनी घटली धरायची, त्याचा तो तक्ता. तुटलेल्या बोटासाठी तो चालतो. आज बरा, उद्या अंथरुणाला खिळलेला अशा माणसाला तो लावायचा कसा?

पुढे ६ ऑगस्ट १९८६ ला केंद्राच्या कल्याण मंत्रालयाने अपंगत्वाच्या एकसारख्या व्याख्या ठरवल्या आणि तीव्रतेच्या चार पायऱ्या केल्या: चाळीसच्या आत सौम्य, चाळीसपासून मध्यम, पंचाहत्तरपासून तीव्र आणि शंभर म्हणजे पूर्ण. सौम्य गटाला सवलती नाहीत, असंही ठरलं. तीच चाळीसची रेघ १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात आली.

त्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि त्यांत एक होता "कुष्ठरोगमुक्त". म्हणजे कुष्ठरोग चालू असताना या कायद्याच्या लेखी तुम्ही कुणीच नाही. रोग बरा झाला आणि बोटं वाकडी राहिली, की तुम्ही अपंग. माझ्या वाचनात या सगळ्या इतिहासाचं सार या एका शब्दात आहे. कायदा आजार मोजत नाही, आजाराने मागे ठेवलेली खूण मोजतो.

संधिवाताचंही तसंच. सांधे सुजून सकाळी लोटा उचलता येत नाही, तोवर टक्का नाही. सांधा कायमचा आखडला की टक्का आहे. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या आदिवासी भागात सिकलसेल आहे. जुन्या कायद्यात त्या रुग्णाला जागाच नव्हती. खुब्याचं हाड झिजून तो लंगडायला लागला, तरच तो अस्थिव्यंग म्हणून आत यायचा.

एकवीस झाले, तरी...

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. साताचे एकवीस प्रकार झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मल्टिपल स्क्लेरॉसिस, पार्किन्सन पहिल्यांदा यादीत आले. ही मोठीच गोष्ट होती. पण दोन मेखा राहिल्या.

पहिली, सरकारी नोकरीतल्या आरक्षणाच्या कलमात (कलम ३४) रक्ताचे हे तीन आजार घेतलेले नाहीत. शिक्षणात राखीव जागा, नोकरीत नाही. दुसरी मेख म्हणजे कायद्याची व्याख्या रुंद आणि परिशिष्ट अरुंद. व्याख्या म्हणते, दीर्घकाळ टिकणारी कमतरता आणि समाजातले अडथळे मिळून माणूस मागे राहतो. पण लाभ मिळतो परिशिष्टातल्या नावावर. त्यात किडनी निकामी होणं नाही, हृदयविकार नाही, मधुमेह नाही.

आता डायलिसिसवर असलेल्या देगलूर किंवा मुखेडच्या माणसाचं उदाहरण घ्या. एसटीच्या सवलतीच्या यादीत डायलिसिसचा रुग्ण आहे, त्याला भाडं माफ. राजीव गांधी जीवनदायी योजना (आताची महात्मा फुले जन आरोग्य योजना) २ जुलै २०१२ ला ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होतं. त्यामुळे उपचाराचं बिलही बऱ्याच अंशी भागतं. पण आठवड्यातून दोन-तीन दिवस मशीनवर गेल्यावर मजुरी कोण देणार? किडनीच्या नावावर दिव्यांग दाखला नाही. उरतं निराधारचं दार.

आणि तिथे हजार रुपयांचा फरक येतो. ऑक्टोबर २०२५ पासून या योजनेत दिव्यांग लाभार्थ्याला महिना २,५०० रुपये आहेत, बाकीच्यांना १,५०० च. उत्पन्नाची मर्यादा दिव्यांगांना वर्षाला ५०,०००, बाकीच्यांना २१,०००. म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात घर चालतं असं दाखवणारा दाखला काढायचा आणि आजारही सिद्ध करायचा. केंद्राच्या दिव्यांग पेन्शनला तर ऐंशी टक्के लागतात.

मग करायचं काय?

इतिहासाच्या विद्यार्थ्याने सल्ले देऊ नयेत म्हणतात, पण कागद वाचून तीन गोष्टी नक्की सांगता येतात. एक, दिव्यांग दाखला नाकारला म्हणून निराधारचं दार बंद होत नाही. तिथे "यासारख्या" हा शब्द आहे, तो अर्जात दाखवून द्या. दोन, टक्का कमी दिला किंवा दाखला नाकारला तर कलम ५९ प्रमाणे अपील करता येतं. तीन, परिशिष्टाच्या शेवटी केंद्र सरकारला नवीन प्रकार जोडायची मोकळीक ठेवली आहे. म्हणजे एकवीस हा आकडा काही दगडावरची रेघ नाही.

चार रकान्यांचे सात व्हायला आणि साताचे एकवीस व्हायला लोकांना मागणी करावी लागली. पण नुसती नावं वाढवून भागणार नाही. मंडळासमोर बसलेल्या माणसाला "तुमचं काय गेलं?" असं न विचारता "महिन्यातले किती दिवस तुम्ही कामाला जाऊ शकता?" असं विचारलं पाहिजे. त्या प्रश्नाचं बीज १९८० च्या योजनेत होतंच. आपण ते तहसीलच्या फायलीत ठेवून दिलं आणि दवाखान्यात टक्के मोजत बसलो.