औंढ्याचे देऊळ कोणी बांधले?

औंढा नागनाथाचे देऊळ कोणी बांधले, असे विचारले की आपल्या हिंगोली जिल्ह्यात 'हेमाडपंतांनी' हे उत्तर ठरलेले असते. हेमाद्री हा तेराव्या शतकातील महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. विद्वान खरा, पण पाथरवट नव्हे. शिवाय ही बांधणी त्याच्याही आधीची. अंबरनाथच्या शिवालयातील लेख १०६० सालचा, म्हणजे हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचा आहे.

औंढ्याचे देऊळ नीट न्याहाळा. खालचा भाग काळ्या पाषाणाचा. दगडात दगड बसवून, देवदेवता कोरून उभा केलेला. वरचे शिखर नंतरच्या काळातले, चुन्याच्या गिलाव्याचे. खाली पाथरवट, वर गवंडी! मोडलेले पाडून न टाकता पुढच्यांनी मागच्यांच्या कामावर आपले काम चढविले. दोघांचीही नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

म्हणून माझे मागणे एवढेच: डागडुजी निघाली की चुन्यावाचून बसविलेल्या सांध्यांत सिमेंट कोंबू नका, दगड जाणणाऱ्या कारागिरास बोलवा, त्यास पुरती मजुरी द्या, आणि या वेळी त्याचे नाव पाटीवर लिहा.