प्रॉम्प्ट, संगणकीय

संगणक पुढील आज्ञा स्वीकारण्यास सिद्ध आहे, हे दर्शविणारे चिन्ह वा मजकूर. टंकलिखित आज्ञांचा अर्थ लावणाऱ्या ‘शेल’ या कार्यक्रमाकडून तो दाखविला जातो.

मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९६१ साली प्रथम दाखविण्यात आलेल्या सीटीएसएस या कालविभाजन प्रणालीत आज्ञा पूर्ण होताच ‘आर’ हे अक्षर व खर्ची पडलेला वेळ छापला जाई. बेल प्रयोगशाळेतील केन टॉम्प्सन यांच्या यूनिक्स शेलमध्ये (१९७१) सामान्य वापरकर्त्यासाठी % व सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी # हे चिन्ह असे. यांपैकी दुसरे चिन्ह सावधगिरीची सूचनाच होय. कारण सर्वाधिकाऱ्याच्या घातक आज्ञेलाही प्रणाली सहसा अडवीत नसे.

बिल जॉय यांचा सी शेल (१९७८) व स्टीव्हन बॉर्न यांचा शेल (१९७९) यांत प्रॉम्प्टचा मजकूर एका चलात साठविला जाऊ लागला व तो बदलण्याची मुभा वापरकर्त्यास मिळाली. बॉर्न शेलमधील या चलाचे नाव ‘पीएस१’ असे असून त्याचे मूळ मूल्य $ हे होते. तथापि एकदा ठरविलेला मजकूर तसाच राहत असल्याने निर्देशिका बदलली, तरी प्रॉम्प्ट बदलत नसे. फाइली पुसण्याची एकच आज्ञा निरनिराळ्या निर्देशिकांत निरनिराळ्या फाइली नष्ट करते; त्यामुळे ही उणीव गंभीर होती. डेव्हिड कॉर्न यांच्या शेलमध्ये (१९८३) प्रत्येक वेळी चलांची तत्कालीन मूल्ये घेऊन प्रॉम्प्ट नव्याने रचला जाऊ लागला. ब्रायन फॉक्स यांच्या बॅश शेलमध्ये (१९८९) वापरकर्ता, यंत्र व निर्देशिका यांसाठी संक्षिप्त संकेत आहेत. अशा रीतीने केवळ सिद्धता कळविणारे चिन्ह वापरकर्त्याचे स्थान व अधिकार दर्शविणारे साधन बनले.