मेकची टॅब

बँकेत दोन प्रकारची माणसे असतात. एक काम करणारी आणि दुसरी, ते काम कोणत्या क्रमाने करायचे याची परिपत्रके काढणारी. संगणकाच्या राज्यातही असा एक परिपत्रकवाला आहे हे कळले, तेव्हा मला परमुलखात बुलढाण्याचा माणूस भेटल्यासारखे वाटले. त्याचे नाव 'मेक'.

ओळख करून दिली ती शेगावला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याने. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळत नाही. त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करायचे, म्हणजे कंपाइल करायचे. मोठा प्रोग्रॅम पन्नास फायलींत पसरलेला असतो. एकीत बदल केला म्हणून पन्नासही पुन्हा कंपाइल करणे म्हणजे एका व्हाउचरपायी सगळ्या खतावण्या नव्याने लिहिणे! पण बदललेली फाईलच कंपाइल करायची राहिली, तर?

तसेच झाले. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांनी अख्खी सकाळ एका प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात घालवली. चूक आधीच सुधारलेली होती. ती फाईल फक्त नव्याने कंपाइल झाली नव्हती. ते तणतणत स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे गेले. फेल्डमन आदल्याच संध्याकाळी याच दुखण्याने हैराण झालेले. समदुःखी भेटले की आपल्याकडे चहा होतो, तिकडे मेक झाला, तोही शनिवार-रविवारात.

मेकचा हिशेब सरळ. व्हाउचर ताजे आणि खतावणी जुनी, तर खतावणी पुन्हा लिही; नाहीतर हात लावू नकोस. कोणता कंपायलर, कोणत्या अटींवर, हे 'मेकफाइल'मध्ये वरच एकदा लिहून ठेवायचे. पुढे 'ईमॅक्स' नावाच्या संपादकात तर कंपाइल म्हणताच 'मेक' हा हुकूम आयताच लिहून समोर येऊ लागला. सोबत 'के' हे अक्षर. म्हणजे एक काम अडले तरी त्यावर न अवलंबणारी कामे चालू ठेवा. एक कारकून रजेवर गेला म्हणून सगळ्या खिडक्या बंद करू नका! हे अक्षर आमच्याकडे कधी येणार, देव जाणे.

एक खोड मात्र आहे. मेक फायलींच्या वेळा बघतो. अटी बदलल्या आणि फायली तशाच राहिल्या, तर त्याला पत्ताही लागत नाही. मग जुने सगळे पुसून पहिल्यापासून सुरुवात.

दुसरी खोड त्याहून नामी. हुकमाच्या ओळीआधी टॅबच हवी. मोकळ्या जागा चालत नाहीत. दिसायला दोन्ही सारख्याच पांढऱ्या! भाचा एकदा रात्री दोनपर्यंत त्या पडद्याकडे बघत बसला होता.

"काहून रे, झोपत नाहीस?"

"मामा, काही दिसत नाही तेच चुकलं आहे."

ही टॅब गैरसोयीची आहे, हे फेल्डमनना काही आठवड्यांतच कळले होते. पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक मित्रच. त्यांची घडी कशाला मोडा, म्हणून टॅब राहिली. २००३ साली फेल्डमनना मेकसाठी एसीएम या संस्थेचा मानाचा पुरस्कार मिळाला. टॅब तेव्हाही होती, आजही आहे.

आमच्या जिल्ह्यात लोणारला आकाशातून दगड पडला, त्याचे सरोवर झाले. इथे डझनभर मित्रांची भीड पडली. खड्डा दोन्हीकडे कायमचा. फरक इतकाच, की लोणारचा निदान दिसतो.