सॅव्हानातील वणवे : उत्सर्जनाचा बदलता आलेख

उष्ण कटिबंधातील विरळ झाडांच्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशांना सॅव्हाना म्हणतात. पावसाळ्यात येथे माणसाच्या उंचीचे गवत वाढते, कोरड्या हंगामात ते वाळते आणि पेटते. जगातील सर्व प्रकारच्या वणव्यांमधून १९९७ ते २०१६ या काळात दरवर्षी सरासरी सुमारे २२० कोटी टन कार्बन वातावरणात मिसळला, असा उपग्रहांवर आधारित अंदाज आहे. त्यातील सुमारे दोन तृतीयांश वाटा सॅव्हाना व तत्सम गवताळ प्रदेशांचा होता. क्षेत्राच्या दृष्टीने आफ्रिका खंड यात सर्वांत पुढे असून उत्तर ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेतील गवताळ प्रदेशांतही असे वणवे नियमितपणे लागतात.

मोजणी कशाची होते?

गवत जळाल्यावर सर्वाधिक प्रमाणात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मात्र पुढच्या पावसात उगवणारे गवत जवळपास तेवढाच वायू पुन्हा शोषून घेते, असे गृहीत धरले जाते. त्यामुळे देशांच्या अधिकृत हिशेबात सॅव्हानातील आगीचा कार्बन डायऑक्साइड धरला जात नाही. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड या दोन वायूंची गोष्ट वेगळी आहे. नवे गवत ते शोषून घेत नाही. म्हणून हिशेब केवळ या दोहोंचा होतो.

हवामान बदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक टन कोरडे गवत व पालापाचोळा जळाल्यास सुमारे २.३ किलो मिथेन आणि ०.२१ किलो नायट्रस ऑक्साइड निर्माण होतो. शंभर वर्षांच्या काळात मिथेनचा तापमानवाढीवरील परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट, तर नायट्रस ऑक्साइडचा २६५ पट मानला, तर हे उत्सर्जन सुमारे १२० किलो कार्बन डायऑक्साइडइतके भरते. १९९७ च्या क्योटो करारातही सॅव्हाना जाळणे ही बाब कृषी क्षेत्राखाली नमूद आहे.

अंदाजाकडून मोजमापाकडे

उष्ण कटिबंधातील आगींचा जागतिक वातावरणावर मोठा परिणाम होतो, याकडे पॉल क्रुट्झेन आणि माइनराट आंद्रेए यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाने लक्ष वेधले. त्या वेळी जळालेल्या क्षेत्राचे आकडे प्रामुख्याने ढोबळ अंदाजावर आधारलेले होते. १९९२ मध्ये दक्षिण आफ्रिका खंडात मोठी संशोधन मोहीम झाली व प्रत्यक्ष धुराची मोजमापे घेण्यात आली. १९९९ मध्ये ‘टेरा’ आणि २००२ मध्ये ‘अ‍ॅक्वा’ हे उपग्रह अवकाशात गेल्यानंतर जगभरातील आगींची दैनंदिन नोंद शक्य झाली.

या नोंदींतून एक अनपेक्षित बाब पुढे आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९९८ ते २०१५ या काळात जगातील जळणारे एकूण क्षेत्र सुमारे एक चतुर्थांशाने घटले. ही घट मुख्यतः सॅव्हानामध्ये झाली. गवताळ जमिनी नांगराखाली आल्या, गुरांची संख्या वाढली, रस्ते आणि वस्त्यांमुळे सलग गवत तुटले, ही त्यामागील प्रमुख कारणे होत.

तथापि ही घट सर्वस्वी शुभ मानता येत नाही. आग ही सॅव्हानाच्या जीवनक्रमाचा भाग आहे. ती थांबल्यास झुडपे वाढून गवत मागे हटते आणि गवतावर जगणाऱ्या प्राण्यांचा आधार कमी होतो. शेतीसाठी गवताळ जमीन मोडल्याने होणारी हानी आगीच्या आकड्यांत दिसत नाही. तसेच हा आलेख सरळ रेषेत उतरत नाही. २०१० व २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात भरपूर पाऊस झाला, अंतर्भागात गवत माजले आणि त्यापाठोपाठ तेथे प्रचंड क्षेत्र जळाले.

वेळेचे महत्त्व

आग लावण्याची वेळ बदलून उत्सर्जन कमी करण्याचा सर्वाधिक अभ्यासलेला प्रयोग उत्तर ऑस्ट्रेलियातील पश्चिम आर्नहेम लँडमध्ये झाला. तेथील आदिवासी समाज हजारो वर्षे कोरड्या हंगामाच्या आरंभी, गवतात ओलावा असताना, ठिकठिकाणी लहान आगी लावीत असे. विसाव्या शतकात बहुतांश कुटुंबे मिशन व शहरांकडे गेली आणि हा प्रदेश ओस पडला. त्यानंतर कोरड्या हंगामाच्या अखेरीस लागणारे प्रचंड वणवे अडविणारे कोणी उरले नाही.

बार्डायल लोफ्टी नाजामेरेक यांच्यासारख्या ज्येष्ठांनी जुनी पद्धत पुन्हा सुरू करण्याचा आग्रह धरला. वनरक्षक गट आणि शास्त्रज्ञ यांच्या सहकार्याने सुमारे २८ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रावर प्रकल्प उभा राहिला. डार्विन येथील नैसर्गिक वायू प्रकल्पाने २००६ पासून १७ वर्षांसाठी दरवर्षी सुमारे १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे मान्य केले. त्या बदल्यात दरवर्षी किमान एक लाख टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन टाळावयाचे होते.

प्रकल्पापूर्वीच्या दहा वर्षांत तेथील सुमारे ३२ टक्के क्षेत्र दरवर्षी हंगामाच्या उत्तरार्धात जळत असे. पहिल्या सात वर्षांत हे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवर आले आणि मिथेन व नायट्रस ऑक्साइडचे उत्सर्जन सुमारे ३८ टक्क्यांनी घटले. आरंभीच्या आगी लहान असतात, रात्रीच्या दवाने विझतात आणि जळालेले पट्टे पुढील वणव्यांना अडवितात. ऑस्ट्रेलिया सरकारने २०१२ मध्ये या कामासाठी नियमावली लागू केली. त्यामुळे आदिवासी संस्थांना कार्बन पतांकांतून उत्पन्नाचा मार्ग खुला झाला.

मर्यादा

या यशाला दोन मर्यादा आहेत. पहिली, डार्विनच्या प्रकल्पाने हा खर्च स्वतःच्या उत्सर्जनाची भरपाई म्हणून केला. आगीत वाचलेला वायू अन्यत्र सोडला गेला असल्याने वातावरणाचा निव्वळ लाभ तेवढाच मर्यादित राहतो. दुसरी मर्यादा मोजमापाची आहे. ओलसर गवताचे ज्वलन अपुरे राहते आणि प्रत्येक किलोमागे अधिक मिथेन निघू शकतो. कमी गवत जळाल्याने होणारा लाभ त्यापेक्षा मोठा आहे की नाही, हे स्थानिक गवत, वारा आणि आगीच्या रीतीवर अवलंबून असते. आर्नहेम लँडचे आकडे म्हणूनच आफ्रिकेला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

एकूण उत्सर्जनाच्या आकड्यात नांगराने संपविलेली आग आणि जाणकारांनी वेळेवर लावून आटोक्यात ठेवलेली आग यांतील फरक दिसत नाही. पहिल्या घटीत गवताळ प्रदेश नष्ट होतो, दुसरीत तो टिकतो. सॅव्हानाच्या आकडेवारीचा अर्थ लावताना आग का घटली, हे पाहणे त्यामुळेच आवश्यक ठरते.