चुलीच्या देवाचं तोंड चिकटवणारी चीनची तिळाची मिठाई

संक्रांतीला आपण माणसांना तिळगूळ देतो आणि गोड बोलायला सांगतो. चीनमध्ये त्याच थंडीत तिळाची मिठाई थेट देवाला देतात. हेतू जवळपास तोच, वर जाऊन आमच्याबद्दल गोड बोल!

उत्तर चीनमध्ये चुलीजवळ चुलीच्या देवाचं चित्र लावायची रीत आहे. वर्षभर घरात कोण भांडलं, कोणी अन्न वाया घालवलं, सगळं तो बघतो अशी समजूत. चिनी पंचांगाच्या बाराव्या महिन्याच्या २३ व्या दिवशी (दक्षिणेत बहुतेक ठिकाणी २४ व्या) तो स्वर्गातल्या जेड सम्राटाकडे घरचा हिशोब द्यायला निघतो. निघण्याआधी त्याच्यापुढे मिठाई ठेवतात. काही घरांत ती चित्रातल्या ओठांनाच फासतात. कोणी म्हणतं तोंड गोड व्हावं म्हणून, तर कोणी सरळ सांगतं की दात चिकटले म्हणजे चुगली करता येणार नाही. मग ते चित्र जाळतात आणि नववर्षाच्या आदल्या रात्री नवं लावतात. मिठाई अर्थातच पोरं फस्त करतात.

लांबट कांडीसारखी असेल तर ‘ग्वानतोंग थांग’, छोट्या खरबुजासारखी असेल तर ‘थांगग्वा’. दोन्ही एकाच पाकाच्या. आणि खरी गंमत या पाकातच आहे, कारण त्यात मुळात ना ऊस, ना गूळ. गोडी येते ती मोड आलेल्या धान्यातून.

सातू भिजवून त्याला मोड आणतात आणि ते वाटतात. वरी किंवा चिकट तांदूळ शिजवून त्यात हे वाटण मिसळतात आणि काही तास ऊबेत ठेवतात. मोडातली पाचक द्रव्यं धान्याच्या पिठूळपणाची साखर करतात. मोड आणलेल्या नाचणीचं सत्त्व गोडसर लागतं, ते याच कारणाने. मग पाणी गाळून घट्ट होईपर्यंत आटवायचं. तयार होतो तो तपकिरी, चिकट पाक. तो खुंटीला अडकवून ओढायचा, दुमडायचा, पुन्हा ओढायचा. आत हवा शिरत गेली की रंग पांढरा होतो आणि मिठाई पोकळ, कुरकुरीत बनते. जत्रेतल्या रेवडीचा पाकही असाच ओढतात. शेवटी वरून भाजलेले तीळ. सहाव्या शतकातल्या ‘छीमिन याओशू’ या चिनी शेतीग्रंथात मोडाच्या धान्यापासून असा पाक करायच्या कृती दिल्या आहेत, म्हणजे हा उद्योग किमान दीड हजार वर्षं जुना.

ही मिठाई थंडीतच का? गोठवणाऱ्या हवेत ती काचेसारखी कडक राहते आणि खटकन तुटते. ऊबदार खोलीत आणली की मऊ पडून दातांना चिकटते. म्हणून विक्रेते ती उघड्यावर थंडीतच मांडतात.

तिळाचं नातं मात्र आपल्या बाजूचं आहे. तिळाची लागवड भारतीय उपखंडात सुरू झाली असं मानलं जातं. हडप्प्याच्या उत्खननात चार हजार वर्षांहून जुने जळके तीळ सापडले आहेत. चीनमध्ये तिळाचं जुनं नाव ‘हूमा’, त्यातलं ‘हू’ म्हणजे पश्चिमेकडचे परके लोक. हान राजवटीतला दूत चांग च्येन याने तीळ आणले अशी तिकडची परंपरा सांगते. उसाच्या साखरेचंही तसंच. इ.स. ६४७ मध्ये थांग सम्राट थायत्सोंगने साखर करायची पद्धत शिकायला मगधाला माणसं पाठवली होती. आज चीन जगातला सगळ्यात मोठा तीळ आयातदार आहे, आणि त्यातला बराच माल आफ्रिकेतून जातो.

हूपै प्रांतातल्या श्याओगानची ‘माथांग’ ही याच घराण्यातली, पण तिच्यात तीळ भरपूर आणि आकार पातळ कापांचा.

मधुमेह असणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. हा पाक साखरेपेक्षा कमी गोड लागतो, पण रक्तातली साखर तो झपाट्याने वाढवतो. धान्याचा आहे म्हणून चालेल, असं इथे नाही.